न्हाणी फोडण्याआधी

जुन्या घरातला लोखंडी नळ आतून गंजत जातो, पाण्याची धार बारीक होते, आणि एक दिवस घरातला कर्ता माणूस ठरवतो की ही सगळी लाइन काढून प्लास्टिकची टाकायची. काम अवघड नाही. सीपीव्हीसीचा पाइप कापायचा, सोल्युशन लावायचं, थोडा वेळ दाबून धरायचं. दुपारपर्यंत नळाला जोरात पाणी येतं. पण त्याच दुपारी त्या घराचं अर्थिंग गेलेलं असू शकतं. पूर्वी कित्येक घरांत अर्थिंगसाठी वेगळा खड्डा न खणता तार सरळ पाण्याच्या लोखंडी नळाला गुंडाळलेली असे. नळ जमिनीत गाडलेला, म्हणून तारही जमिनीला पोचलेली. पद्धत चुकीचीच होती, तरी तिच्यावर घर चाललं होतं. मधे प्लास्टिकचा तुकडा आला की जमिनीकडे जाणारी वाट तुटते. दिवे लागतात, पंखा फिरतो, गीझरचं पाणी तापतं, कुठे काही बिघडल्याची खूण नसते. गीझरची कॉइल फुटेल त्या दिवशी मात्र वीज पाण्यात उतरते आणि जमिनीकडे जायला नळाखाली उभ्या असलेल्या माणसाची वाट धरते.

जुन्या न्हाणीत अशा बऱ्याच सोयी असतात. त्या कुणी योजून केलेल्या नसतात, त्यांना नावही नसतं, पण त्या घर सांभाळत असतात. नूतनीकरणात सगळ्यात आधी त्याच जातात, कारण त्या काय करत होत्या हे फोडणाऱ्याला ठाऊक नसतं. या प्रकरणात त्या सोयींचाच विचार करायचा आहे.

वाशीम जिल्ह्यात हा विषय ताजा आहे. घरातली न्हाणी आणि घरातला संडास इथे एक-दोन पिढ्यांतच आले. २०१५ मध्ये साऱ्या राज्याच्या तोंडी या जिल्ह्यातलं सायखेडा गाव आलं. तिथल्या संगीता आव्हाळे यांनी मंगळसूत्र विकून घरी संडास बांधला, आणि तेव्हाच्या ग्रामविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी त्यांचा सत्कार केला. एका संडासासाठी बाईला गळ्यातलं सोनं मोडावं लागतं, यावरून त्या चार भिंतींचं मोल किती होतं ते कळावं. त्याआधी न्हाणी म्हणजे परसातला एक चौकोनी दगड, भोवती कमरेएवढी किंवा पुरुषभर भिंत, वर टिनपत्रा किंवा नुसतं आभाळ. सांडपाणी केळीला जाई. वारा आरपार जाई, पाणी घराच्या पायापासून लांब राही, चुलवणाचा धूर वर निघून जाई. १९९८ च्या १ जुलैला वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला. गावाभोवती ले-आउट पडले, आणि न्हाणी आधी घराला चिकटली, मग बेडरूमच्या आत शिरली. वारा, अंतर आणि उघडेपणा हे तिचे तिन्ही राखणदार वाटेत गळून पडले.

आपल्याकडे ‘स्वतः काम करणं’ याचा अर्थ नीट पाहायला हवा. घरमालक क्वचितच स्वतः टाइल बसवतो. तो रोजंदारीवर एक मिस्तरी आणि एक मजूर लावतो, सामान स्वतः आणतो, आणि नकाशाशिवाय, हात दाखवून सांगतो: इथं कमोड घ्या, ही भिंत काढा, ती खिडकी बुजवा. मिस्तरीचा हात चांगला असतो, पण निर्णय त्याचा नसतो. हातोडा मारणारा एक आणि ठरवणारा दुसरा, अशा कामात जबाबदारी कुणाच्याच माथी पडत नाही. मला सगळ्यात मोठी जोखीम इथे दिसते.

विजेपासून सुरुवात करू, कारण तिथे चूक सुधारायला वेळच मिळत नाही. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरची एमसीबी लावलेली असते आणि घरमालक निश्चिंत असतो: काही झालं तर खटका पडेल. ही समजूत जीवघेणी आहे. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असते. वायर तापून पेटू नये म्हणून वीज १६ अँपिअरच्या बरीच वर गेली की ती पडते. माणसाच्या छातीतून जाणारे ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतले तीन भाग, हृदयाची लय बिघडवायला पुरू शकतात. एवढीशी वीज एमसीबीच्या हिशेबात धरलीही जात नाही. माणसासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. जाणारी वीज आणि परत येणारी वीज ती सतत ताडून पाहते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठून तरी भलतीकडे निघाली, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत पुरवठा तोडते. तिच्यावर एक टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. न्हाणीचं काम काढणाऱ्याने टाइलचा रंग ठरवण्याआधी घरात आरसीसीबी आहे का ते पाहावं.

अर्थिंगलाही वऱ्हाडात एक खास अडचण आहे. अर्थिंगचा खड्डा ओला असेल तरच काम करतो. एप्रिल-मे महिन्यात वाशीमची काळी माती सुकते, तिला भेगा पडतात, आणि पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. म्हणून त्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. नूतनीकरणात अंगणाला फरशी बसते आणि नेमका तोच खड्डा फरशीखाली जातो. पुढची वीस वर्षं त्यात कुणी पाणी ओतत नाही. गरम पाण्यासाठी रॉड वापरणाऱ्या घरांत आणखी एक चूक होते. बादलीजवळ सोय व्हावी म्हणून प्लग पॉइंट न्हाणीच्या आत घेतला जातो. बटण आणि पॉइंट बाहेर हवेत, आणि बटण बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. भिंतीच्या आत चिकटपट्टी गुंडाळून तारेला जोड दिला आणि वर टाइल बसवली, तर तो जोड सुटला तरी दिसणार नाही. घरातली वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी असा नियम आहे. हा नियम घरमालकाला जाच वाटतो, पण तो या न दिसणाऱ्या जोडांसाठी आहे.

आता गॅस गीझर. वीज जाण्याच्या त्रासामुळे आणि बिल वाचतं म्हणून तो गावागावांत पोचला आहे. थोडा हिशेब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पंधरा मिनिटांत साधारण २०० ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आंघोळीला अडीच घनमीटर. पाच बाय सात फुटांच्या आणि आठ फूट उंच न्हाणीत एकूण हवाच आठ घनमीटर असते. तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका आंघोळीत ज्योत खाऊन टाकते. हवा कमी पडली की ज्योत विझत नाही, ती अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर नाकाला कळतं, कारण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. हा वायू जळण्यातून जन्मतो, त्यात तसं काही मिसळलेलं नसतं. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट ओढीने धरून ठेवतं. डोकं जड होतं, पायांतलं बळ जातं, माणूस खाली बसतो. त्याला वाटतं गरम पाण्याने घेरी आली. मार्च २०२३ मध्ये धुळवड खेळून आलेलं एक जोडपं मुंबईत घाटकोपरच्या राहत्या घरी बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हा पहिला संशय गॅस गीझरवरच गेला होता.

याच गीझरवर जुन्या न्हाणीत वर्षानुवर्षं आंघोळी झाल्या आणि कुणाला काही झालं नाही, असं सांगणारे भेटतात. ते खरंही असतं. त्या न्हाणीला वर सिमेंटची जाळी होती, पत्रा आणि भिंत यांत चार बोटं फट होती, लाकडी दार खालून कुजलेलं होतं. नूतनीकरणात जाळीच्या जागी काच येते, वर पीव्हीसीचं सीलिंग लागतं, दाराखाली ग्रॅनाइटचा उंबरा बसतो. पाल येत नाही, डास येत नाही, वाराही येत नाही. गीझर तोच राहतो, खोली बदलते. गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेत लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणायची, हा त्यावरचा साधा उपाय. आणि दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवायचं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला, तर बाहेरच्यांना ते ढकलताच येत नाही.

वीज आणि वायू माणसावर झडप घालतात. पाणी घरावर सावकाश चालून येतं, आणि वाशीममध्ये त्याला काळ्या मातीची साथ मिळते. जुनी गावठाणं पांढरीवर वसलेली, शेती काळीत, ही आपली जुनी वाटणी. वाडवडिलांनी घरासाठी पांढरी निवडली त्यामागे अनुभव होता. आजचे ले-आउट मात्र बहुतेक काळ्या शेतांवर पडले आहेत, जिथे काल सोयाबीन होतं. बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. शेतात यामुळे भेगा पडतात, घराखाली यामुळे पाया हलतो. साऱ्या पायाखालची माती सारखी फुगली तर घर थोडंफार सोसतं. न्हाणीखालचा एकच पाइप गळत असेल तर फक्त तो कोपरा वर उचलला जातो आणि बाकीचं घर जागेवर राहतं. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. घरमालक ती पुट्टीने भरतो, पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडते, आणि दोष मिस्तरीच्या प्लास्टरला दिला जातो. गळणाऱ्या पाइपाकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण पाणी वर दिसत नाही. माती ते पिऊन टाकते. पाया हलला की पाइपाचे सांधे आणखी उघडतात, गळती वाढते.

म्हणून काळ्या जमिनीवरच्या घरात न्हाणीची फरशी फोडली, तर पाइपाखाली आणि भोवती रेतीचा थर द्यायचा, सांधे शक्य तितके कमी ठेवायचे, आणि फरशी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगची परीक्षा घ्यायची. ही परीक्षा स्वस्त आहे. सांडपाणी वाहून नेणाऱ्या नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करायचं, न्हाणीत दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि किमान दोन दिवस तसंच ठेवायचं. पातळी कुठवर आहे ती भिंतीवर खुणेने लिहून ठेवायची, आणि वरचा मजला असेल तर खालच्या छताला ओल येते का तेही पाहायचं. रोजंदारीवर काम चालू असताना दोन दिवस मिस्तरीला बसवून ठेवणं परवडत नाही, म्हणून हीच पायरी गाळली जाते. मिस्तरीला ते दोन दिवस सुट्टी द्यावी, दुसरं काम करू द्यावं, पण पाणी भरल्याशिवाय टाइलला हात लावू देऊ नये. उतारही याच वेळी तपासायचा. सात फुटांच्या न्हाणीत ट्रॅपकडे इंचभर उतार पुरतो.

घर मजल्याचं असेल तर वजनाचाही विचार करावा लागतो. जुनी फरशी न काढता तिच्यावर पाच सेंटिमीटर मसाला घालून नवी टाइल बसवली, तर एकट्या मसाल्याचं वजन दर चौरस मीटरला १०० किलो होतं. राहत्या घराच्या न्हाणीसाठी माणसं, बादल्या, सामान यांचा वापरातला भार २०० किलो धरतात. त्याच्या निम्मं वजन आपण एका दुपारी कायमचं चढवून मोकळे होतो. वर गच्चीवर हजार लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन. कमोडची जागा सरकवण्यासाठी स्लॅबला भोक पाडताना मधे आलेली सळई कापून टाकण्याची चाल तर सर्रास आहे. भिंतीत आडवी खोल झिरी मारली की विटांची भिंत तिथे अर्धीच उरते. फेरबदल करताना आधार तुटला की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धीसाई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं. वाशीममधलं दुमजली घर एवढं मोठं नसतं, पण सळईचं काम दोन्हीकडे तेच असतं. भिंत किंवा स्लॅब तोडायचा असेल तेव्हा अभियंत्याला बोलवावं. त्याची फी टाइलच्या काही पेट्यांपेक्षा जास्त नसते.

वाशीमसारख्या गावात बहुतेक घरांचं मैलापाणी आपापल्या सेप्टिक टँकमध्ये जातं. नवा कमोड जोडायचा म्हणजे टाकीचं झाकण उघडणं आलं, आणि इथे एका वेळी अनेक माणसं मरतात. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून गेले. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला, म्हणजे वायू गेला, असं उतरणाऱ्याला वाटतं. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. उपसायचं काम गाडीचं. झाकण उघडून वाकायचं नाही, आत डोकावण्यासाठी काडी पेटवायची नाही, कारण मिथेनही असतो.

टाकीतले हे वायू घरात न येऊ देण्याचं काम ट्रॅपमधलं दोन इंच पाणी करतं, आणि टाकीवरचा उंच व्हेंट पाइप त्यांना छपराच्या वर सोडतो. घराच्या दर्शनी भागात शोभत नाही म्हणून हा पाइप कापणारे लोक आहेत. कृपा करून कापू नका. गावात दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर आणखी एक पथ्य आहे: नव्या न्हाणीचं आंघोळीचं पाणी त्या खड्ड्यात सोडायचं नाही. काळ्या मातीत पाणी आधीच सावकाश जिरतं. बादल्याच्या बादल्या पडू लागल्या की खड्डा तुंबतो आणि मैला वर येतो.

पिण्याच्या पाण्याचं भय लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही. वाशीम शहराला एकबुर्जी प्रकल्पातून पाणी येतं आणि नळ चोवीस तास वाहत नाही. पुरवठा बंद झाला की नळीत पोकळी होते, आणि टिल्लू पंप थेट लाइनवर लावला असेल तर तिची ओढ आणखी वाढते. बादलीत बुडालेला पाइप किंवा कमोडजवळचा जेट स्प्रे त्याच लाइनवर असेल तर घाण पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जातं. न्हाणीचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून घ्यायचं आणि पिण्याचा नळ तिच्याशी जोडायचा नाही.

धूळ आणि रसायनं यांबद्दल थोडक्यात. न्हाणीवरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲसबेस्टॉसचे असतात. ते ग्राइंडरने कापू नयेत. त्यांचे तंतू फुप्फुसात अडकतात आणि कर्करोग वीस-तीस वर्षांनी दिसतो, तेव्हा त्या दुपारची आठवणही उरलेली नसते. नटबोल्ट काढून, पत्रा ओला करून, अखंड उतरवावा. टाइल आणि ग्रॅनाइट कापतानाही पाणी सोडत कापायला लावावं, कारण त्या पांढऱ्या धुळीतली सिलिका मजुराच्या फुप्फुसाला कायमची जखम करते. काम आपल्या घरचं आहे, तेव्हा मास्क आणि चष्मा विकत आणून देणं आपल्याकडे लागतं. शेवटी फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड ओततात. त्याने टाइलमधलं ग्राउट खाल्लं जातं, आणि तिथे आधी ब्लीचिंग पावडर पडलेली असेल तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो सोसवत नाही.

मग घरमालकाने स्वतः काहीच करू नये का? पुष्कळ करावं. नळाचे वायसर, शॉवर, आरसा, मांडणी, रंग, उखडलेलं ग्राउट, वृद्धांसाठी पकडायचे दांडे, हे सगळं आपल्या हातांचं काम आहे. चुकलं तर स्क्रू काढून पुन्हा बसवता येतं. फरशी निवडणंही आपलंच. चकचकीत टाइलपेक्षा खरखरीत टाइल घ्यावी. जुन्या न्हाणीतली शहाबादी दिसायला साधी होती, पण पाय धरून ठेवत होती, आणि म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की पुन्हा उभं राहणं कठीण असतं. जे सिमेंटखाली किंवा टाइलमागे कायमचं झाकलं जाणार आहे, ते मात्र जाणत्याकडून करून घ्यावं. झाकण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे आणि जमिनीचे फोटो काढावेत, भिंतीला टेप लावून, म्हणजे कोणता पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आणि कोणती वायर किती उंचीवरून गेली ते वाचता येईल. हे फोटो छापून घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये लावून ठेवावेत. मोबाइल बदलतो, फाइल घरात राहते, आणि पंधरा वर्षांनी गीझरसाठी भिंतीला ड्रिल लावणाऱ्याला ती दाखवता येते.